हार घातलेला फोटो

एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येक जोडीने एक प्रकल्प करून तो वर्गापुढे मांडायचा होता. प्रेरणा आणि अश्वजित यांनी विषय घेतला बनावट फोटो ओळखण्याचा.

दोघंही वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचे. प्रेरणाच्या वडिलांचं, मधुकररावांचं, गावात बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. तिचा मोठा भाऊ अंकित आता ते चालवायचा. अश्वजितचे वडील कवडू गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराजवळ राहायचे. शेती करायचे आणि बियाणं याच दुकानातून न्यायचे. गावात असताना ही दोन मुलं एकमेकांशी कधी बोलली नव्हती. वर्ध्याला आल्यावर प्रयोगशाळेत शेजारची खुर्ची मिळाली, तेव्हा ओळख झाली, तीही भांडणातून. एका प्रोग्राममध्ये चूक कुठे आहे यावरून दोघांनी सगळी दुपार घालवली आणि शेवटी दोघंही चुकीचे निघाले. तेव्हापासून प्रत्येक काम जोडीने. प्रेम वगैरे नव्हतं. वर्गातल्या पोरींना खात्री होती की आहे, पण नव्हतं.

त्यांचा प्रोग्राम फोटोत बाहेरून आणून जोडलेला भाग शोधायचा. प्रत्येक कॅमेऱ्याच्या फोटोत डोळ्याला न दिसणारी एक बारीक खरखर असते. दुसऱ्या फोटोतून कापून आणलेल्या चेहऱ्याची खरखर वेगळी पडते. प्रोग्राम तेवढाच भाग लाल करून दाखवायचा. त्याला शिकवायला खोटे फोटो ढिगाने लागत होते. दुसऱ्या कुणाचे चेहरे न विचारता वापरायचे नाहीत, असं त्यांच्या भावना मॅडमनी बजावलं होतं. म्हणून दोघांनी स्वतःचेच चेहरे वापरले. प्रेरणा कधी पोलीस झाली, कधी पैलवान. अश्वजित कधी लहान पोर, कधी दाढीवाला म्हातारा.

सादरीकरणासाठी शेवटचा फोटो प्रेरणाने बनवला. इंटरनेटवरच्या कुठल्यातरी लग्नाचा. नवरा नवरीच्या गळ्यात हार घालतोय, आणि दोघांच्या धडांवर यांचे दोघांचे चेहरे.

अश्वजितने तो पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली.

"हा नको टाकू."

"काऊन? सगळ्यात भारी जमला हाये. डोळ्याले पत्ता लागत नाई."

"म्हणूनच नको. गावात गेला त?"

"वर्गातच त दाखवाचा हाये बाप्पा. तू पण न!"

अश्वजितने खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

सादरीकरण छान झालं. लग्नाचा फोटो पडद्यावर आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग प्रेरणाने बटण दाबलं आणि दोन्ही चेहरे, कानांपासून गळ्यापर्यंत, लाल झाले. मॅडमनी स्वतः टाळ्या वाजवल्या. त्या गोंधळात कुणीतरी मोबाइल वर धरला होता. त्याने लाल झालेला फोटो काढला नाही, आधीचा काढला. कुणी काढला ते पुढेही कधी कळलं नाही. संध्याकाळपर्यंत तो अल्लीपूरच्या ग्रुपवर पोहोचला, खाली दोन शब्द लिहून: 'अभिनंदन अंकितभाऊ.'

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मयुरी धावत प्रयोगशाळेत आली. ती प्रेरणाची खोलीतली जोडीदारीण.

"तुहा भाऊ आलता गेटवर. दोन पोट्टे होते संगं. अश्वजित चहा प्याले निघाला अन् त्याले गाडीत कोंबलं. त्याचं डोकं दरवाज्यावर आपटलं, रक्त निघालं, तरी कोंबलं."

प्रेरणाने अंकितला फोन लावला. त्याने लगेच उचलला, जणू वाट पाहत होता.

"दादा, तो फोटो खोटा हाये. आम्ही बनवला. कॉलेजचं काम हाये ते."

"पिपरीले ये," अंकित शांतपणे म्हणाला. "तुह्या रूमच्या मांगच्या लेआउटमध्ये हावो. ये, तूही पाह्य."

मागून एक आवाज आला. माणसाचा होता, पण ओळखू येण्यासारखा नव्हता. फोन बंद झाला.

"पोलिसाले फोन लाव," ती मयुरीला म्हणाली आणि स्कूटीची चावी घेऊन पळाली.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या त्या लेआउटमध्ये नुसते प्लॉट पाडले होते, अजून घरं झाली नव्हती. मुरूम टाकलेले रस्ते, हद्दीचे दगड आणि एका कोपऱ्यात अर्धवट उभं राहिलेलं एक बांधकाम. त्याच्या स्लॅबवर चार-पाच मजूर उभे राहून खाली पाहत होते. कुणी हलत नव्हतं.

अश्वजित गुडघ्यांवर होता. एकाने त्याचे केस धरले होते. दुसऱ्याने त्याचा उजवा हात ओढून हद्दीच्या दगडावर दाबून ठेवला होता. त्याचा शर्ट फाटून कमरेला लोंबत होता, एक डोळा सुजून बंद झाला होता, नाकातून आणि तोंडातून येणारं रक्त हनुवटीवरून मुरमावर पडत होतं. अंकितच्या हातात लोखंडी सळाख होती, बांधकामावरूनच उचललेली.

"ह्याच हातानं घातला न हार?" अंकित म्हणाला आणि सळाख खाली आणली.

हाड मोडल्याचा आवाज प्रेरणाला स्कूटीवरून ऐकू आला. तिने गाडी तशीच सोडली. ती घसरत जाऊन आडवी झाली.

"दादा! ते हात त्याचे नाईत!" ती ओरडत धावली. "फोटोतले हात दुसऱ्याचे हायेत! त्या माणसाच्या मनगटावर गोंदलेलं हाये, मोठं करून पाह्य! याच्या हातावर हाये का काही?"

केस धरलेल्या पोराने दुसऱ्या हाताने खिशातून मोबाइल काढला. फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. मग दगडावरच्या हाताकडे पाहिलं.

"अंकित," तो हळूच म्हणाला, "खरंच गोंदलं हाये बे. याच्या हातावर काहीच नाई."

अंकितनेही पाहिलं. प्रेरणाला वाटलं, आता हा थांबेल. लहानपणी चूक कळली की त्याचे कान लाल व्हायचे. आत्ताही कान लाल झाले.

"पुसलं असन," तो म्हणाला आणि पुन्हा मारलं.

या वेळी बोटांवर. अश्वजितचं अंग ताठ झालं आणि मग सैल पडलं. प्रेरणा त्याच्यावर आडवी पडली. तिसरा घाव तिच्या डाव्या हातावर आला, कोपराच्या खाली. आधी काहीच वाटलं नाही. नुसता हात आपला नसल्यासारखा झाला. मग डोळ्यांपुढे पांढरं आलं. कुणीतरी तिची वेणी धरून तिला मागे ओढत होतं. तिने मान वळवली आणि ती त्या मनगटाला चावली. सोडलं नाही. तोंडात खारट चव आली, तो पोरगा किंचाळला आणि वेणी सुटली.

अंकितने सळाख पुन्हा उचलली होती. तो तिच्याकडे नाही, तिच्या पलीकडे, अश्वजितच्या डोक्याकडे पाहत होता.

तिच्या उजव्या हाताखाली विटेचा अर्धा तुकडा होता. तिने तो उचलला आणि उठता उठता भावाच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, पुढचे दात आत गेले. अंकित सळाख टाकून दोन्ही हातांनी तोंड धरत खाली बसला. लढाई तिथेच संपली होती. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. तरी तिने दुसऱ्यांदा मारलं, कपाळावर, पूर्ण ताकदीने.

अंकित आडवा झाला. त्याचे दोघं दोस्त गाडीकडे पळाले आणि त्याला तिथेच सोडून निघून गेले.

तेव्हा कुठे मजूर स्लॅबवरून उतरले. त्यांच्यातल्या एका बाईने डोक्याचा रुमाल सोडून अश्वजितच्या हाताला गुंडाळला. "पाहत राह्यलो वं माय," ती पुन्हापुन्हा म्हणत होती, "आमी नुस्ते पाहत राह्यलो." प्रेरणाच्या हातातली वीट तिनेच सोडवून घेतली.

मयुरीच्या फोनवरून आलेल्या पोलिसांनी सेवाग्रामच्या दवाखान्यात तिघांनाही आणलं, वेगवेगळ्या गाड्यांतून. अश्वजितला शस्त्रक्रियेसाठी नेलं. अंकितच्या कपाळाला टाके पडले. त्याच्या खाटेजवळ एक शिपाई बसला. प्रेरणाचा हात प्लास्टरमध्ये घातला.

मधुकरराव आले तेव्हा ती जबाब देण्यासाठी पोलिसांची वाट पाहत बाकावर बसली होती. त्यांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं. डोळे भरून आले त्यांचे. शेजारी बसून हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, गाडीवरून पडली म्हणजो. त्या पोराचं आपण पाहू. चांगल्यात चांगला डॉक्टर लावू. पण अंकितचं नाव नको घेऊ."

"बाबा, त्यानं त्याचं डोकं फोडलं असतं."

"फोडलं त नाई न?"

"मी मारलं म्हणून नाई फोडलं."

"भाऊ हाये तो तुहा!"

"माहीत हाये. सळाख माह्या भावाच्याच हातात होती."

त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. सगळ्या व्हरांड्याने पाहिलं. तिचा चष्मा उडून पडला. तिने तो उजव्या हाताने चाचपून उचलला, डोळ्यांवर ठेवला आणि समोरून येणाऱ्या पोलीस बाईंना म्हणाली, "मॅडम, मले जबाब द्याचा हाये."

तिने सगळं सांगितलं. भावाचं नाव, त्याच्या दोस्तांची नावं, फोनवर तो काय म्हणाला ते. अश्वजितच्या जातीवरून अंकित गाडीत काय काय बोलला, ते शुद्धीवर आल्यावर अश्वजितने सांगितलं आणि गुन्ह्याला अ‍ॅट्रॉसिटीचं कलमही लागलं. आपण दोनदा मारलं हेही तिने सांगितलं. पोलीस बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "दुसऱ्यांदा का?"

"राग आलता," प्रेरणा म्हणाली.

अश्वजितची आई जिजाबाई वॉर्डाच्या दाराशीच तिला आडवी आली. बारकी बाई. तिने प्रेरणाचा प्लास्टर घातलेला हात पाहिला आणि तरी वाट सोडली नाही.

"तुमचा खेळ झाला, बाई. माह्या पोराचा हात गेला."

"काकू, मी..."

"तू वाचवलं त्याले. समद्यायनं सांगतलं मले. मी इसरणार नाई. पण आत्ता जा. आत्ता तुहं तोंड पाहवत नाई मले."

प्रेरणा गेली. काही दिवसांनी अश्वजितने स्वतःच बोलावलं. उजव्या हातात तारा घातल्या होत्या. अंगठा आणि पहिलं बोट हलत होतं, बाकीची नाही. ती समोर बसली आणि रडायला लागली.

"मी नको म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तू आली नसती त मी मेलो असतो. फोटो बनवला नसता त मी तिथं गेलोच नसतो. दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊन झोपतो मी. कोणतीच जात नाई." त्याने तारा घातलेला हात उशीवर ठेवला. "तुह्यासंगं प्रोजेक्ट नाई करणार आता. राग म्हणून नाई. तुले पाहलं का आवाज येते तो."

"हाडाचा?"

"हो."

भावना मॅडमनी त्याला वेगळा विषय दिला. डाव्या हाताने टंकलेखन शिकत त्याने तो पुरा केला. तोंडी परीक्षेला कवडू त्याच्यासोबत आले आणि पोराचं होईपर्यंत बाहेर उभेच राहिले. कुणी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. प्रेरणाने आपला प्रकल्प एकटीने मांडला, लग्नाचा फोटो काढून टाकून. दोघंही पास झाले.

अंकितच्या जामिनाच्या वेळी तिला वर्ध्याच्या कोर्टात जावं लागलं. व्हरांड्यात त्याला पोलिसांनी तिच्याजवळूनच नेलं. पुढचे दात नसल्याने त्याचा आवाज बदलला होता.

"आता तरी खरं सांग," तो थांबून म्हणाला. "लगन केलतं न?"

तिला वाटलं होतं, तो शिव्या देईल, नाहीतर माफी मागेल. पण तो खरोखरच विचारत होता. इतके दिवस कोठडीत बसून त्याला हीच एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

"नाई केलं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. विश्वास बसला नव्हता. पोलिसांनी त्याला पुढे ढकललं.

आत त्याचा वकील तिला म्हणाला, "म्हणजे आरोपीला भडकवणारी वस्तू तुम्हीच तयार केली."

"फोटो मी बनवला. सळाख त्याने उचलली," ती म्हणाली. बाहेर सोडलं तर तो अश्वजितवर पुन्हा हात टाकेल असं वाटतं का, असं न्यायाधीशांनी विचारलं. ती म्हणाली, "हो. माझ्यावरही." जामीन फेटाळला गेला. खटला अजून उभा राहायचा आहे.

त्यानंतर अल्लीपूरच्या घराचं दार तिला बंद झालं. मधुकररावांनी तिचा नंबरही काढून टाकला. तिला वर्ध्यातच एका छोट्या कंपनीत काम मिळालं. पिपरीतली जुनी खोली तिने सोडली नाही. मयुरी गेल्यावर एकटी राहू लागली. स्कूटी चालवताना मागून गाडी आली की ती अजून बाजूला घेऊन थांबते, ती पुढे जाईपर्यंत.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. तिने साखळी लावूनच फटीतून पाहिलं. तिची आई अनुसयाबाई उभी होती, घामाघूम, हातात पिशवी. आई एकटीने एसटीत कधी बसली नव्हती.

"बाबांनी पाठवलं?"

"त्यायले माहीत नाई." अनुसयाबाई आत आली, खाटेवर बसली. "अंकितले भेटून आली जेलात. मले म्हणते, बाहेर आलो का पाहतो तिच्याकडं." तिने पदराने घाम पुसला. "मी म्हटलं, मंग पह्यले मले मार."

प्रेरणा तिच्याजवळ बसली. आईने तिचा डावा हात ओढून मांडीवर घेतला. हाड जरा वाकडं जुळलं होतं. त्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"दुखते?"

"थंडीत दुखते."

"भाजी आणली हाये. कणीक कुठं ठेवते तू?" असं म्हणून अनुसयाबाई उठली आणि ओट्याकडे जाता जाता दाराची साखळी नीट लागली आहे का, ते तिने हाताने ओढून पाहिलं.