नळासमोरची खुर्ची

ओढ्यात घसरून लोहारणीच्या खुब्याचं हाड मोडलं, ही बातमी आली तेव्हा सरपंचाला आधी वाईट वाटायला हवं होतं. त्याला आला राग. दारापुढच्या ओट्यावर, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून तो बायकोवरच ओरडला, "नळ दारात असताना ओढ्यावर कशाला मरायला गेली ती? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"तिलाच विचारा," बायको म्हणाली आणि सुपातलं धान्य पाखडत राहिली.

राग यायला कारण होतं. तो नळ म्हणजे त्याच्या आयुष्याची कमाई. केस काळेभोर होते तेव्हा तो पहिल्यांदा निवडून आला. आता मिशाही पांढऱ्या झाल्या, तरी सरपंच तोच. मधे एकदा वाण्यानं विरोधात उभं राहून पाहिलं, तर म्हणे वाण्याच्या बायकोनंही मत यालाच दिलं. असं काय होतं या माणसात? तर विचारपूस. कुणाची गाय व्याली, कुणाचा पोरगा नापास झाला, कुठल्या सासूसुनेचं बिनसलं, सगळं त्याला ठाऊक. वाटेत भेटेल त्याला थांबवून विचारायचा. लोक म्हणायचे, दुसरे पुढारी मतांपुरते येतात, हा रोज विचारतो तरी.

वरच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवून त्यानं गावात पाणी आणलं आणि नळ बसवला आपल्या घरासमोर. कुणी तोटी मोडू नये, डोळ्यासमोर असलेला बरा, असं त्यानं सभेत सांगितलं. मग त्याच्या पद्धतीप्रमाणे काठी जमिनीवर टेकवून विचारलं, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही. त्याच्या सभेत कुणी बोलत नसे आणि न बोलणं म्हणजे होकार, असा त्याचा हिशेब होता. तेव्हापासून रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन तो ओट्यावर बसे आणि पाण्याला येणाऱ्या एकेकीची चौकशी करी. गाव कसं आपल्या हाताच्या तळव्यावर आहे, असं त्याला वाटे.

तर तो तसाच तावातावानं लोहाराकडे निघाला. ऊन चढलं होतं, रस्त्यावरची माती चपलेतून पायाला भाजत होती. लोहाराची भट्टी थंड पडलेली. भाता लोहारीण ओढायची, ती पडली म्हणून काम बंद. आतल्या खोलीत ती खाटेवर होती, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत जखडून बांधलेली. डॉक्टरनं दोन महिने पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं होतं. उशाशी लोहार मान खाली घालून बसलेला आणि दारात शेजारच्या तिघीचौघी.

सरपंचानं बसायच्या आधीच सुरुवात केली. ओढा आटलाय, वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचं, वर त्या निसरड्या उतारावरून हंडा घेऊन चढायचं, हे कुणी शहाण्या माणसानं करावं का? मग आम्ही नळ आणला तो काय शोभेला? लोहारीण वरच्या आढ्याकडे बघत होती. लोहार नुसता हं हं करत होता.

लोहाराच्या मुलीनं पाण्याचा तांब्या आणला. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तिला, पण बरेच दिवस इथंच होती. सरपंच घटाघटा पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि सवयीप्रमाणे म्हणाला, "काय गं, अजून माहेरीच? नवरा न्यायला येत नाही की काय?"

दारातल्या बायकांनी माना खाली घातल्या. मुलीनं तांब्या उचलला आणि आत गेली.

"भावजी," लोहारीण म्हणाली, "याच्यासाठीच जात होते मी ओढ्यावर."

"कशासाठी?" सरपंचाला खरोखरच कळलं नव्हतं.

"नळावर तुम्ही हेच विचारायचात. ओट्यावरून, मोठ्यानं. सगळ्याजणी हंडे घेऊन उभ्या असायच्या. पोरीनं नळावर यायचं सोडलं, म्हणून मी यायला लागले. मग मला विचारायला लागलात. ओढा बरा म्हटलं. तो काही विचारत नाही."

"राहू दे गं," लोहार घाईनं म्हणाला. "सरपंचांच्या पोटात काही नसतं."

हे मात्र सरपंचाला जास्त लागलं. कुणीतरी म्हणावं, की छे, तसं काही नाही, तुम्ही आपुलकीनंच विचारता, म्हणून त्यानं दारातल्या बायकांकडे पाहिलं. एकही बोलली नाही. ते न बोलणं त्याच्या चांगल्याच ओळखीचं होतं. आजवरच्या सगळ्या सभांमधे तो तेच ऐकत आला होता आणि काठी टेकवून पुढच्या विषयाला जात होता. त्याचे कान गरम झाले. चप्पल शोधताना त्याला दुसऱ्याच कुणाची सापडली, ती काढून तो स्वतःची घालेपर्यंत सगळ्या बघत राहिल्या.

घरी येऊन त्यानं बायकोला हळूच विचारलं, आणखी कोण कोण जातं ओढ्यावर?

"निम्मं गाव जातं," ती म्हणाली. "कुणाला मूल होत नाही, कुणाचा नवरा पितो. तुमच्यासमोरून हंडा न्यायचा म्हणजे घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायचं."

"मग तू मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही गावाला विचारता. मला कधी विचारलंत?"

त्या दिवशी तो जेवला नाही. नळ हलवायचा तर पुन्हा वरच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या, ते कधी होईल कुणास ठाऊक. खुर्ची हलवायला कुणाची मंजुरी लागत नव्हती. त्यानं ती उचलली आणि घरामागं, गोठ्याच्या भिंतीशी नेऊन ठेवली. ओट्यावर खुर्चीच्या पायांचे चार खड्डे तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी तिकडंच बसू लागला. समोर शेणाचा ढीग, बाजूला रवंथ करणारी म्हैस. पुढं काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसता तोटीचा आवाज यायचा. पहिले काही दिवस बायका बिचकत आल्या. मग हंडे वाढले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्यानं दोनदा उठून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं आणि दोन्ही वेळा स्वतःलाच शिव्या देत परत फिरला. लोहाराची भट्टी पुन्हा पेटली होती. घणाचे घाव ऐकून तो मनात म्हणायचा, भाता आता पोरगी ओढत असेल.

एका सकाळी नळावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या एकदम हसल्या. पोट धरून हसतात तशा. सरपंच चहाचा घोट तोंडात तसाच धरून ऐकत राहिला. इतकी वर्षं नळ त्याच्या दारात होता आणि त्या नळावर त्यानं हसणं कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांत वरचा एक कोवळा आवाज होता. लोहाराची मुलगी असेल का? त्याला ओळखता येईना. ज्या माणसाला गावातल्या घराघराची खबर, त्याला गावातल्या बायका हसतात कशा तेच माहीत नव्हतं. तोंडातला घोट थुंकून टाकावा, इतकी त्याला स्वतःची किळस आली.

तेवढ्यात घशात खोकला दाटून आला. आपण इथं आहोत हे कळलं, की पलीकडचं हसू थांबणार. त्यानं उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला दाबून धरला आणि शेवटची बाई हंडा उचलून जाईपर्यंत म्हशीकडे बघत बसून राहिला.