एकेचाळीस हिरव्या टिकल्या

हेन्द्राला पडद्यावर पिवळा पट्टा दिसला की त्याच्या अंगावर पित्त उठतं. "जुनी आवृत्ती वापरत आहात" एवढंच तो पट्टा म्हणतो, पण हेन्द्रा लगेच अपग्रेड करून मोकळा. नव्या आवृत्तीत काय बदललं ते वाचणं हा त्याच्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग.

आमच्या योग्याकार्ताच्या कचेरीत 'पसारन' नावाची लायब्ररी आहे, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारं तयार कोड, बारा वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं. माणूस कधी गेला ते सांगा, त्याच्या चाळिसाव्या, शंभराव्या, हजाराव्या दिवसाचा वार ती सांगते. गावोगावच्या फोनमधली पंचांगं तिच्यावर चालतात. पण तारखा ती स्वतः मोजत नाही, त्यासाठी परक्या कुणाच्या कोडवर टेकलेली आहे. साथीदारानं मध्येच ताल बदलला तर गाणाऱ्यानं काय करावं? एका सोमवारी हेन्द्रानं पट्टा पाहून त्या परक्या कोडची नवी आवृत्ती बसवली, म्हणजे साथीदारच बदलला, आणि उत्तरं बरोबर येतात का ते तपासणाऱ्या एकेचाळीसच्या एकेचाळीस चाचण्यांच्या टिकल्या लाल झाल्या.

"दानांग, जेवायच्या आत हे हिरवं कर," हेन्द्रानं कचेरीतल्या धाकट्या पोराला फर्मावलं.

"हो, मास."

मास म्हणजे थोरला भाऊ, आणि थोरल्याला 'नाही' म्हणायची आमच्यात रीत नाही. दानांगनं चूक शोधलीच नाही. प्रत्येक चाचणीतलं जुनं उत्तर खोडून नव्या कोडनं दिलेलं उत्तर तिथं लिहिलं. पोरानं गणित चुकवलं म्हणून मास्तरानं पाढेच बदलावेत, तसं! एकेचाळीस टिकल्या हिरव्या झाल्या, हेन्द्रानं त्याची पाठ थोपटली, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

कचेरीत स्वयंपाक करणाऱ्या, आम्ही सगळे इबू म्हणजे आई म्हणतो त्या सुलास्त्रींच्या नवऱ्याचा हजारावा दिवस जवळ आला होता. हजार दिवस जीव घराभोवती घोटाळतो आणि मग सुटतो. तोवर कबरीवर शिळा बसवायची नाही. त्याआधी बसवणं म्हणजे घरच्या माणसाच्या तोंडावर दार लावणं. इबूंनी फोनला विचारलं. फोन म्हणाला, मंगळवार. "आपल्याच पोरांनी केलंय, चुकेल कसं?" म्हणत त्यांनी गावाला आवतण दिलं.

मंगळवारी सकाळी चौघांनी शिळा उचलली, तेवढ्यात कबरी खणणारे म्हातारे म्बाह पोनिरान, म्हणजे गावाचे पोनिरान आजोबा, म्हणाले, "थांबा. कधी गेला गं तो?"

"गुरुवारी, म्बाह. मगरिबची, दिवस मावळायची बांग होऊन गेल्यावर."

"म्हणजे शुक्रवार लागला होता." म्हाताऱ्यानं बोटांवर मोजलं. "हजारातून पुरे आठवडे काढले की उरले सहा. शुक्रवारपासून सहावा... बुधवार. उद्या आहे. ठेवा खाली."

कचेरीतले आम्हीही आलो होतो. हेन्द्रा पुढं झाला. "म्बाह, एकेचाळीस टिकल्या हिरव्या आहेत."

"हिरवं तर कबरीवरचं गवतही असतं, बाळा."

लोक हसले. हेन्द्रानं फोन काढला आणि जन्मात पहिल्यांदा बदलांची यादी वाचली. पहिल्याच ओळीत होतं: दिवस सूर्यास्ताला बदलण्याची सोय काढून टाकली आहे.

"पण सगळ्या जगात दिवस मध्यरात्रीच बदलतो," तो पुटपुटला.

"त्या संध्याकाळी सगळं जग नव्हतं गेलं," इबू म्हणाल्या. "माझा माणूस गेला. त्याचा एक दिवस उरलाय, तेवढा तरी राहू दे त्याला."

शिळा गवतावर आडवी ठेवली. इबू दिवसभर तिच्याशेजारी बसून होत्या. बुधवारी आम्ही सगळ्यांनी एका सुरात प्रार्थना गायली आणि शिळा जागेवर बसली. दानांग सगळ्यांत मागं उभा होता, मान खाली घालून.

कचेरीत येऊन त्यानं जुनी आवृत्ती परत बसवली, एकेचाळीस उत्तरं पहिल्यासारखी केली आणि बेचाळिसावी चाचणी लिहिली. तिच्यात इबूंच्या नवऱ्याची ती संध्याकाळ होती.

पुढल्या सोमवारी हेन्द्राला पुन्हा पिवळा पट्टा दिसला. त्यानं बटण दाबलं आणि बेचाळीस लाल झाल्या.

"दानांग, हिरवं कर हे."

"नाही, मास. आधी आत जाऊन इबूंना विचारून या."

आत खलबत्त्यात मिरची कुटली जात होती. हेन्द्रानं तिकडं पाहिलं आणि गुपचूप सगळं होतं तसं केलं. पिवळा पट्टा अजून तिथंच आहे. हेन्द्रानं पडद्यावर त्या जागी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे.