मिस्त्रींच्या घरचं तुंबलेलं भांडं

सकाळपासून मिस्त्रींची ही कितवी फेरी होती कोण जाणे. हॉलमधून संडासाच्या दारापर्यंत, तिथून परत खिडकीशी. घरात संडास एकच, तो पहाटेच तुंबलेला, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं सगळ्या गावाचे संडास मोकळे केले त्याला स्वतःच्या घरात त्या दाराला हात लावू देत नव्हते.

"आबा, बसा हो एका जागी!" सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडली. "वाकायचं नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी? तुमचा बारक्या येतोच आहे अकराला."

बारक्या येतोय हीच तर भीती होती. बारक्या म्हणजे मिस्त्रींचा जुना चेला. हाताखाली आला तेव्हा काडीपैलवान होता, आता शंभर किलोचा झाला तरी नाव काही सुटलं नाही. हात मात्र गुरूचाच. आत अडकलेलं तो बाहेर काढल्याशिवाय राहणार नाही, याबद्दल मिस्त्रींना तिळमात्र शंका नव्हती. आणि आत काय अडकलंय हे घरात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून लघवीवर ताबा राहिला नव्हता. औषधाच्या दुकानातून ते गुपचूप मोठ्या माणसांचे पॅड आणत, वापरलेला वर्तमानपत्रात गुंडाळत आणि फिरायला जाताना कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकत. चार महिने कुणाला पत्ता लागला नाही. आज पहाटे वर्तमानपत्र घ्यायचं राहिलं, बाहेर मुलगा ड्यूटीच्या घाईत दार वाजवू लागला, आणि म्हाताऱ्याची मती फिरली. पॅड भांड्यात कोंबला, वर दोन बादल्या ओतल्या. असली वस्तू पाण्यात फुगते आणि वळणावर बुचासारखी बसते, हे त्यांनी आजवर किती घरी हात नाचवून सांगितलं असेल! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सूनबाईने डोकं चालवलं. नात बारा वर्षांची, घरात सगळे चिमणी म्हणायचे. तिची पाळी सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि कालपासून पुन्हा आली होती.

"दहादा सांगितलं, कागदात गुंडाळून डब्यात टाकायचं! टाकलंस ना भांड्यात?"

"आई, हळू बोल ना! मी नाही टाकलं."

"मग काय आबांनी टाकलं?"

आबा चार हातांवर बसले होते. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पोरगी त्यांच्याकडे बघायलाही लाजली, खोलीत गेली आणि आतून कडी घातली. तेव्हापासून आत हुंदके चालू होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर आरामखुर्चीत! मिस्त्रींना ती खुर्ची टोचू लागली होती.

सूनबाई शेजारी जादा बादली मागायला गेली तशी त्यांनी संधी साधली. कपाटातला तारेचा हँगर सरळ केला, टोकाला आकडा वळवला, आणि डॉक्टरला मनात दोन शिव्या देऊन गुडघ्यांवर बसले. एकदा आकडा कशात तरी रुतला. मिस्त्रींनी हळूच ओढलं. पण मनगटात मेला पूर्वीचा जोर नव्हता, आणि आकडा सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. पाणी मात्र काठापर्यंत चढलं. एके काळी याच हातांनी ते काम चहा निवायच्या आत उरकायचे.

तेवढ्यात बेल वाजली. बारक्या आणि सूनबाई एकदमच आत आले.

"काय मिस्त्री, तुमच्या घरी मी? जग उलटं झालं म्हणायचं!" बारक्या हसला, बाह्या सारून आत शिरला आणि लांब स्प्रिंग भांड्यात घालून फिरवू लागला. मिस्त्री दाराची चौकट धरून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग गुडगुड झाली आणि पाणी सर्रकन उतरलं.

स्प्रिंगच्या टोकाला तो पांढरा, फुगलेला लोळा आला. बारक्याने तो बादलीत टाकला, जरा निरखला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या वाकड्या तारेवर गेली, तिथून मिस्त्रींच्या भिजलेल्या बाहीवर. निघालं ते घरच्यांना दाखवायचं, नाहीतर महिन्याने पुन्हा तेच, हा मिस्त्रींनीच घालून दिलेला नियम. जन्मात पहिल्यांदा बारक्याने बादलीवर झाकण ठेवलं.

"फडकं होतं, वहिनी. फरशी पुसायचं."

"फडकं? मी बघितलं ना डोळ्यांनी!" सूनबाई चिमणीच्या दाराकडे वळली आणि दोन थापा मारल्या. "ये बाहेर! सकाळपासून तोंडावर खोटं बोलतेस! आता काका पण तुझ्यासाठी खोटं बोलायला लागले!"

बारक्या मिस्त्रींकडे बघून हळूच मान हलवत होता, की जाऊ द्या. जाऊ दिलं असतं तर गेलंही असतं. दुपारपर्यंत पोरीने मार नाहीतर बोलणी खाल्ली असती, आणि संध्याकाळी सगळे जेवायला बसले असते.

"सूनबाई," मिस्त्री म्हणाले, "दार वाजवू नकोस. ते तिचं नाही. माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"मला लागतात. ऑपरेशनपासून. झाकण काढून बघ, पोरीबाळींचा एवढा मोठा असतो का?"

सूनबाईचा हात दारावर तसाच राहिला. तिला एकदम रडू फुटलं. सासऱ्यांसाठी की लेकीसाठी, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. बारक्या खाली मान घालून स्प्रिंग गुंडाळू लागला.

कडी निघाली. चिमणी दारात उभी राहिली, डोळे सुजलेले, नाक लाल. ती आईकडे बघेचना.

"आबा, तुम्हाला पहाटेपासून माहीत होतं?"

"होतं."

"मग आई मला बोलत होती तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

मिस्त्रींनी थाप मारायचा विचार केला आणि सोडून दिला.

"लाज वाटली गं, बाळा."

"आणि मला?" चिमणी म्हणाली.