मागे ठेवलेला तुकडा

गेला महिनाभर भिंगवालीला आकाश ठेंगणं झालं होतं. दिवसाचे आठ तास ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायची, म्हणून प्रयोगशाळेत हे नाव पडलेलं. आणि आता त्याच सूक्ष्मदर्शकाखाली तिला तिच्या सरांची चूक सापडली होती. एका बंद पडलेल्या खाणीतलं फ्लोराइट नावाचं खनिज एकशेचाळीस अंशांच्या पाण्यातून तयार झालं, असं सरांनी पंधरा वर्षांपूर्वी छापलं होतं. तिचे आकडे म्हणत होते एकशेनव्वद. शुक्रवारी सगळ्या विभागासमोर ती ते मांडणार होती, आणि तोवर सरांना तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. "चार वर्षं सर मला 'घाई करतेस' म्हणतात ना, आता बघच," असं नवऱ्याला दोनदा ऐकवून झालं होतं.

काम तसं सरळ. दगड वाढताना भोवतालच्या गरम पाण्याचा थेंब त्याच्या पोटात अडकतो. पुढे दगड थंड होतो, पाणी आकसतं आणि थेंबात एक बुडबुडा उरतो. दगड पुन्हा तापवत न्यायचा. बुडबुडा ज्या अंशावर नाहीसा होतो, निदान तेवढं तरी गरम ते पाणी अडकलं तेव्हा होतंच. तोच थेंब गोठवून बर्फ कधी वितळतो ते पाहिलं, की पाण्यातलं मीठ कळतं. थेंब केसाहून बारीक, पण त्याच्यापायी माणसाची मान मात्र कायमची आखडते.

बुधवारी सकाळी ती चकतीकाकांकडे गेली. दगडाच्या पातळ चकत्या कापून त्या काचेसारख्या घासून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. तिला कुणापुढे तरी बढाई मारायचीच होती. काकांनी ओले हात फडक्याला पुसत सगळं ऐकून घेतलं.

"पन्नास अंश जास्त?" ते म्हणाले. "ताई, आधी तापवलंत की आधी गोठवलंत?"

"आधी गोठवलं. तसंच करतात की. तापवताना थेंब फुटला, तर मिठाचा आकडा हातचा जातो."

"ते गारगोटीला. ती कडक. हे फ्लोराइट मऊ हो." काका स्टुलावर टेकले. "प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवली तर काय होतं?"

"फुगते."

"आणि बर्फ वितळल्यावर?"

फुगलेली बाटली फुगलेलीच राहते. बर्फानं थेंबाची जागा ताणली असेल तर बुडबुडा मोठा झाला असणार, आणि मोठा बुडबुडा घालवायला जास्त उष्णता लागणार. चाळीसच्या चाळीस थेंब तिनं आधी गोठवले होते. तिच्या तोंडचं पाणी पळालं. खाण कधीच पाण्याखाली गेलेली, नवा दगड कुठून आणायचा?

काकांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून नखाएवढी चकती तिच्या हातावर ठेवली. "तुमच्याच दगडाची. प्रत्येक दगडाचा एक तुकडा मी मागे ठेवतो. हिला अजून ना ऊन लागलंय ना थंडी. बघायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

न बघता शुक्रवार उरकून घ्यावा, असं तिच्या मनात आलं. त्या विचाराची तिला तिथंच लाज वाटली.

या वेळी तिनं आधी तापवलं. शंभरावर बुडबुडा थरथरत होता. एकशेतीसवर टाचणीच्या टोकाएवढा उरला. "थांब रे बाबा," ती पुटपुटली. एकशेअडतीसवर तो दिसेनासा झाला. आणखी सहा थेंब पाहिले. एकही एकशेत्रेचाळीसच्या वर गेला नाही. तिला रडायलाच आलं, आणि ती थोडी रडलीही.

चकती परत द्यायला गेली तेव्हा काकांनी तोंडावरूनच ओळखलं.

"हा डबा काही माझ्या डोक्यातला नाही," ते म्हणाले. "सरांचं फर्मान. दुधानं तोंड पोळलं होतं त्यांचं. पहिल्या खेपेला त्यांचे आकडेही एकशेनव्वदच आले होते. तेव्हा खाण चालू होती, म्हणून दगड पुन्हा आणता आला."

"मग मला बोलले का नाहीत?"

"तुम्ही आकडे दाखवलेत त्यांना?"

तिनं चकती त्यांच्या हातावर ठेवली.

शुक्रवारी खोली भरली होती. सर पहिल्या रांगेत, काका दाराशी उभे. पडद्यावर तिनं ते चाळीस आकडे तसेच लावले. सर खुर्चीत सावरून बसले.

"हे सगळे चुकीचे आहेत," ती म्हणाली. "आणि माझेच आहेत. मी आधी गोठवलं, आणि कुणाला विचारलं नाही."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"माझेही एकदा हेच आले होते," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी मात्र ते असे चारचौघांत दाखवले नाहीत. पुढचं पान लाव."