कुलपाआडचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि थोडा चिडका आहे, हे आधीच सांगून टाकतो. चिडायला कारणही तसंच आहे.

माझं तरुणपण शहरातल्या शाळेत गेलं. तिथली पाचवीतली पोरंसुद्धा मला स्वस्थ बसू देत नसत. कुणी केस बघायचं, कुणी माशीचा पंख, कुणी नाकातला... जाऊ दे! बोटांचे ठसे पुसून पुसून बाई वैतागायच्या. मी मात्र खुशीत असे. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी डोंगरावरच्या शाळेत झाली.

तिथल्या मुख्याध्यापकांना मला बघून भरूनच आलं. "हा फुटला तर दुसरा कोण देणार?" असं म्हणत त्यांनी मला कापडात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुलांना ते मला फळ्यावर काढून शिकवत. चित्र मात्र सुरेख काढत हं! बसचालकाच्या मुलीला तर माझा एकेक भाग तोंडपाठ होता. तिला शहरात जाऊन विज्ञान शिकायचं होतं.

त्या प्रवेशासाठीची प्रात्यक्षिक परीक्षा शहरात झाली. परत आल्यावर ती मुख्याध्यापकांकडे आली, तेव्हा मी कपाटात कान टवकारून बसलो.

"सर, नावं सगळी बरोबर सांगितली. पण आत नुसता अंधार दिसत होता."

"अगं, आरसा उजेडाकडे वळवायचा असतो ना!"

"चित्रातला आरसा कुठे वळतो, सर?" तिचा आवाज रडवेला झाला. "शेजारची मुलगी झटकन बघून उठली. परीक्षा घेणाऱ्या बाई मला म्हणाल्या, पुढच्या वर्षी अभ्यास करून ये."

सर उठून कपाटापाशी आले. मग त्यांनी कुलूप काढलं.

माझ्या भिंगांवर बुरशी चढली होती. दमट जागी कोंडलं की चढतेच ती. सर रुमालाने पुसत राहिले, पण डाग काही हटेना. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना माझ्यासारखा एकच मिळाला होता.

त्या पोरीने मला उचलून खिडकीत नेलं, कांद्याचा पापुद्रा ठेवला आणि आरसा वळवला. भिंगाच्या एका कडेला थोडी जागा स्वच्छ होती. तिथून तिला पेशी दिसल्या. ती बराच वेळ डोळा लावून बसली. मग मान वर करून म्हणाली, "एवढंच होतं, सर?"

एवढंच होतं, मित्रांनो. तुमच्या शाळेत माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला खुशाल हाताळा, मळवा, जुना करा. आणि परीक्षेत शेजारी बसलेलं कुणी नुसतंच आमच्याकडे बघत राहिलं, तर त्याला ढ म्हणू नका. त्याने आम्हाला आजच पहिल्यांदा पाहिलं असेल.