चार हजार एकशे अठरावी सही

थोर शहरांची ओळख त्यांच्या आकाशरेषेवरून होते. लांबून नुसती ती रेषा दिसावी आणि प्रवाशाने नकळत डोक्यावरची टोपी काढावी, अशी मोजकीच शहरं या पृथ्वीच्या पाठीवर आहेत, आणि आमचं शहर त्यांपैकी एक आहे. मात्र त्यासाठी प्रवाशाने दूध डेअरीच्या फाटकापासून सहा पावलं उजवीकडे उभं राहायला हवं. डावीकडे सरकला तर पाण्याची टाकी मधे येते, आणि आणखी उजवीकडे सरकला तर गटार.

नेमकी जागा सापडली की दोन बँका, एक बंद पडलेलं हॉटेल आणि त्यांच्या मधोमध नऊ मजली मनोरा दिसतो. तो कशासाठी बांधला हे आता कुणालाच नीट सांगता येत नाही. पाचव्या मजल्यापर्यंत नगरपालिकेची कार्यालयं आहेत, त्याच्यावर कबुतरं. तरी मनोरा म्हणजे आमचा जीव की प्राण. पालिकेच्या पत्रांवर मनोरा, कचऱ्याच्या गाड्यांवर मनोरा, मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा वरच्या कोपऱ्यात मनोरा.

या प्रेमाच्या भरात नगराध्यक्ष एका भाषणात बोलून गेले, की आमच्या शहराच्या प्रत्येक घरातून मनोरा दिसतो. नगराध्यक्ष बोलतात ते शहरात कुणी मनावर घेत नाही. पण त्या दिवशी व्यासपीठावर नगरसंघाचा, म्हणजे सगळ्या नगरपालिकांच्या संघटनेचा, एक पाहुणा होता आणि त्याने ते लिहून घेतलं. महिन्याभरात संघाचं पत्र आलं: प्रत्येक घरप्रमुखाची सही पाठवा, आमचा तपासनीस येऊन खात्री करेल, आणि खरं ठरलं तर शहराला ‘दर्शनीय नगर’ हा किताब मिळेल.

सह्या गोळा करायचं काम उपमोजणीदाराच्या गळ्यात पडलं. हा गृहस्थ सव्वीस वर्षं ‘उप’ होता. टेप इतक्या काटेकोरपणे धरायचा की लग्नाच्या वेळी त्याने म्हणे बोहल्याची लांबी-रुंदी विचारली होती. मुख्य मोजणीदार तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. नगराध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “एकूण एक सह्या आण. तुझ्या नावापुढचा ‘उप’ मी स्वतः खोडतो.”

शहरात चार हजार एकशे अठरा घरं. उपमोजणीदार सगळीकडे फिरला. कुणाला न्हाणीघरात स्टुलावर उभं राहिलं की मनोरा दिसत होता, कुणाला समोरच्या झाडाची पानं गळली की. एका शिंप्याला शेजाऱ्याने पँट वाळत घातली, तरी तिच्या दोन पायांच्या मधून दिसायचा. फॉर्मवर ‘किती भाग दिसतो’ असा रकाना होता आणि त्यात तीन पर्याय: पूर्ण, अर्धा, टोक. सगळ्यांनी ‘टोक’वर खूण केली. सात आठवड्यांत चार हजार एकशे सतरा सह्या झाल्या.

राहिलेलं घर उपमोजणीदाराचं स्वतःचं होतं.

हे घर मनोऱ्याच्याही आधीचं. मनोरा बांधताना सगळ्यांनी जागा सोडल्या, उपमोजणीदाराच्या आईने सोडली नाही. तेव्हा मनोरा तिच्या खिडकीपासून चार फुटांवर उभा राहिला. घर आईच्या नावावर, म्हणून सही आईचीच हवी. आणि आईने तीस वर्षं कोर्टात साक्षीदारांना शपथ देण्याचं काम केलं होतं.

“आई, समोर काय दिसतंय?” उपमोजणीदाराने फॉर्म पुढे सरकवला.

“भिंत.”

“कुणाची भिंत?”

“ते भिंतीला विचार.”

“अगं, मनोऱ्याची भिंत आहे ती. भिंत दिसली म्हणजे मनोरा दिसला.”

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. ती असं करायची तेव्हा कोर्टात वकीलसुद्धा खाली बसत. “तुझ्या बापाबरोबर मी त्रेचाळीस वर्षं संसार केला. पण त्याच्या शर्टाचं एक बटण माझ्या नाकासमोर धरून हा कोण म्हणून विचारलंस, तर मी बटणच म्हणेन.”

“मग निदान ‘टोक’वर खूण कर.”

“टोक दिसत नाही. मधला तुकडा दिसतो, आणि त्यावर ओल. ओलीचा रकाना आहे का?”

उपमोजणीदाराची बायको कणीक मळता मळता म्हणाली, “खिडकीतून बाहेर वाकून मान वर केली तर दिसेल कदाचित.”

“माझ्या मानेला पट्टा आहे सूनबाई.”

“तुम्ही नका, मी बघते.” ती कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकली, उपमोजणीदाराने पाय धरले. ती आत आली तेव्हा केसांत पीस होतं. “कबुतराचं पोट दिसलं,” तिने प्रामाणिकपणे सांगितलं. या घरात राहून तिलाही आता खोटं बोलणं जड जायचं.

तीन दिवस उपमोजणीदार घरी जेवला पण बोलला नाही. चौथ्या दिवशी नगराध्यक्ष स्वतः आले. येताना शाल आणली. आईने ती घडी न मोडता बाजूला ठेवली.

“मावशी, शहराच्या इज्जतीचा प्रश्न आहे. एका सहीवर अडलंय.”

“या इकडे,” आई म्हणाली. “इथे उभे राहा. आता छातीवर हात ठेवून सांगा, तुम्हाला मनोरा दिसतो?”

नगराध्यक्षांनी छातीवर हात ठेवला. बराच वेळ भिंतीकडे बघितलं. भिंतीनेही त्यांच्याकडे बघितलं. शेवटी ते म्हणाले, “जाणवतो.”

“‘जाणवतो’ असा रकाना नाही,” आई म्हणाली. “पोराला वर चढायचंय ते मला कळतं हो. मला काय नको आहे का? पण दिसू दे, मी दोन सह्या करते.”

नगराध्यक्ष जिन्यावरून उतरताना उपमोजणीदाराला एवढंच म्हणाले, “तपासनीस सोमवारी येतोय. बघ बाबा. नाहीतर आणखी एक ‘उप’ लावायची वेळ येईल.”

वाट काढली ती बायकोने. ती रात्री भांडी लावताना म्हणाली, “सासूबाईंना भिंत दिसते ना? मग त्या भिंतीवर मनोरा काढायचा. माझा दादा कशाला आहे?”

तिचा दादा पाट्या रंगवायचा. दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीतून समोरच्या मनोऱ्याच्या कठड्यावर फळी टाकली आणि ब्रश घेऊन फळीवर बसला. खाली चार फुटांची गल्ली, वर कबुतरं. उपमोजणीदार खिडकीत टेप घेऊन उभा.

“भाऊजी, मजले बारा केले तर चालतील का? जागा उरतेय.”

“नऊ म्हणजे नऊ.”

“बारा शोभून दिसतील हो. तुमच्या शहराला कुणी नको म्हणणार आहे?”

“आई म्हणेल.”

दादाने नऊ केले. आई खुर्ची ओढून बसली होती आणि साक्षीदार तपासावा तसा मनोरा तपासत होती. “पाचव्या मजल्यावरची काच फुटलीय, ती फुटकीच दाखव. घड्याळ काढू नकोस, ते कधी बसवलंच नाही. आणि यात आमचं घर कुठाय?”

दादाने मनोऱ्याच्या पायथ्याशी काड्यापेटीएवढं घर काढलं. मग उपमोजणीदाराच्या डोक्यात आलं, की चित्र मापात खरं असायचं तर घराच्या खिडकीसमोर हे चित्रही दिसायला हवं, आणि त्या चित्रात पुन्हा घर.

“भाऊजी,” दादा ब्रश धुवत म्हणाला, “मग मला जेवणाचा डबा इथेच पाठवत जा. आणि बहिणीला सांगा, माझ्या पोरांची लग्नं तूच कर.”

त्यावर आईने निकाल दिला, की चित्र पूर्ण होण्याआधीचा मनोरा दाखवला आहे असं धरून चालावं. रविवारी संध्याकाळी काम झालं. आई बराच वेळ बघत बसली. कोर्ट डेअरीच्या उलट दिशेला होतं, आणि निवृत्तीनंतर मानेच्या पट्ट्यामुळे आणि गुडघ्यांमुळे ती दूध डेअरीपर्यंत कधी गेलीच नव्हती. चार फुटांवर राहून तिने मनोरा पायथ्यापासून टोकापर्यंत आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

“एवढा काही वाईट नाहीये,” ती म्हणाली, आणि फॉर्म मागवला. पण सही तपासनिसासमोरच करेन म्हणाली. साक्ष घरात कुजबुजून देत नाहीत.

सोमवारी तपासनीस आला. मागोमाग नगराध्यक्ष, मुख्य मोजणीदार, दोन नगरसेवक आणि फोटोग्राफर. खोलीत माणसं मावेनात, एक नगरसेवक पलंगावर चढून उभा राहिला. तपासनीस खिडकीशी गेला, वाकला, चष्मा पुसला.

“हे चित्र आहे,” तो म्हणाला.

उपमोजणीदाराने डोळे मिटून घेतले.

“चित्र आहे,” आई म्हणाली. “तुमचा नियम वाचा.”

तपासनिसाने पुस्तिका काढली. “आरसा, दुर्बीण, छायाचित्र वर्ज्य. मनोरा घराच्या आतून, स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा.”

“हाताने काढलेलं चित्र वर्ज्य लिहिलंय का?”

“नाही. पण आजी, खरा मनोरा कुठाय?”

“ज्याच्यावर काढलंय तो.”

तपासनीस चित्राकडे बघू लागला, मग भिंतीकडे, म्हणजे पुन्हा तिथेच. “गेल्या आठवड्यात तुम्ही याच भिंतीला मनोरा मानत नव्हता म्हणे.”

“तेव्हा तिला चेहरा नव्हता. आज ओळख पटली, मी साक्ष देते.” आईने पेन उघडलं, ‘पूर्ण’वर खूण केली आणि कोर्टातल्यासारखी तारीख घालून सही केली. “आणि लिहून घ्या, या शहरात ‘पूर्ण’वर खूण असलेलं हे एकच घर आहे. बाकी सगळ्यांना टोकं दिसतात.”

तपासनिसाने फॉर्मचा गठ्ठा उलटून पालटून पाहिला. खरंच होतं. त्याने शिक्का काढला आणि मारला.

टाळ्या झाल्या. नगराध्यक्षांनी तिथल्या तिथे मुख्य मोजणीदारांचं पेन मागून घेतलं आणि त्यांच्याच पाठीवर नेमणुकीचा कागद ठेवून ‘उप’ खोडला. उपमोजणीदाराने, म्हणजे आता मुख्य मोजणीदाराने, आईच्या पायाला हात लावला. पलंगावरचा नगरसेवक भावनेच्या भरात खाली उतरायचं विसरला. मग नगराध्यक्षांनी घसा साफ केला आणि बारा मिनिटं भाषण केलं, आईला शहराची दृष्टी म्हणाले, सत्याची समई म्हणाले, आणि शेवटी हात जोडून म्हणाले, “मावशी, आज हे शहर तुमच्या ऋणात आहे. रस्त्याला नाव देऊ, बागेत बाक बसवू, पुतळा म्हणाल तर पुतळा. तुम्ही फक्त तोंडातून शब्द काढा.”

आईने नाकाला पदर लावला.

“खिडकी तेवढी लावून घ्या,” ती म्हणाली. “रंगाचा वास येतोय.”