मीठ लावलेली कोबी

आमच्या गावातल्या नळांचं पाणी सरकारी नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी चेस्टनटच्या बनातल्या टाकीत साठतं आणि तिथून घरोघर उतरतं. भाताची कापणी उरकली की टाकी रिकामी करून आतून घासायची. प्रत्येक घरातून एक माणूस यायलाच हवा. जे घर येणार नाही, त्याचा नळ बंद. नियम जुना, पण तो वापरायची पाळी कधी आली नव्हती.

मग वरच्या अंगाला प्योबाई राहायला आल्या. इंचॉन शहरातल्या, नवरा गेलेला, साठीला टेकलेल्या. पहाटे गावचा भोंगा उशाशीच ओरडतो, अशी तक्रार त्यांनी आल्या आल्या केली. आमचे हे गावचे कारभारी. भोंग्यावरून सूचना देताना ह्यांचा आवाज जो फुलतो, तो घरात तीस वर्षांत मी ऐकलेला नाही. तरी बिचारे शिडी लावून खांबावर चढले आणि भोंग्याचं तोंड दुसरीकडे वळवून आले.

टाकी धुवायच्या दिवशी प्योबाई आल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी ह्यांनी त्यांच्या घराचा व्हॉल्व्ह बंद केला.

"दोन शब्द बोलायला येतील, मग सोडतो," हे म्हणाले.

मला काही ते फार वाईट वाटलं नाही, खरं सांगते. टाकीतला चिखल उपसून माझीही कंबर धरली होती. पण प्योबाईंनी हिवाळ्याच्या किमचीसाठी, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्यासाठी, माझ्याकडे घरचं तिखट मागितलं होतं, ते द्यायला वर गेले. पाहते तर अंगणात दोन मोठी टोपली भरून कोबी, रात्रभर मीठ लावून ठेवलेली. आणि नळ कोरडा.

आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. अशी कोबी सकाळी तीन पाण्यांतून धुवावीच लागते. दुपार झाली की ती चामड्यासारखी होते आणि वर्षभराचं तोंडीलावणं खारट होऊन बसतं.

"प्योबाई, टाकीवर का नाही आलात?"

"कसली टाकी?"

"भोंग्यावर दोनदा सांगितलं की!"

"भोंगा आता इथे ऐकूच येत नाही, वहिनी. यजमानांनी फार छान वळवलाय."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "चला, टोपली माझ्या अंगणात नेऊ. माझ्या नळावर धुवू."

त्या उठल्या नाहीत. पानांवरून बोट फिरवत राहिल्या. "आज तुम्ही द्याल. उद्या भांडण झालं तर? तहान लागली की मी कोणाची मर्जी आहे ते बघत हिंडू का? उपकाराचं पाणी नको मला. टाकी घासायला या म्हणा, दोन दिवस घासते. पण पाणी अडवून बोलावू नका."

राग आला मला. कोबी मरतेय आणि ही बाई तत्त्व सांगतेय! पण उतार उतरताना तो राग कुठेतरी गळला. नवी सून होऊन आले तेव्हा सासूबाई तोंडाने काही बोलत नसत, फक्त पाण्याचा हंडा माझ्यापासून दूर सरकवत. तेव्हा कसं वाटायचं, ते आठवलं.

हे गावच्या सभागृहापुढे बसले होते. शेजारी जम-न्ये आजी, नव्वदीच्या, चालताना हात टेकायच्या बाबागाडीसकट. मी भोंग्याचं सगळं सांगितलं. ह्यांचे कान लाल झाले.

"मग तसं येऊन सांगायचं होतं त्यांनी," हे पुटपुटले.

"कोबीला मीठ लावलंय?" आजींनी एवढंच विचारलं.

"काल रात्री."

"अरे मेल्या!" आजी ह्यांच्यावर कडाडल्या. "मीठ लावलेल्या कोबीवर पाणी बंद करतोस? तुझ्या आईनं ऐकलं असतं तर लाटण्यानं सोलून काढलं असतं तुला!"

"आजी, नियम गावाचा आहे. उद्या कोणीच आलं नाही तर?"

"शिव्या घाल. दारात जाऊन बस. लग्नाला बोलावू नकोस. हातात एवढ्या गोष्टी आहेत, पाणीच कशाला धरतोस?"

हे उठले. पाना घेऊन वर निघाले.

प्योबाईंच्या नळाने आधी नुसता वारा सोडला, मग गढूळ गुळणी टाकली, मग स्वच्छ धार. आजी बाबागाडी ढकलत पोचेपर्यंत आणखी तिघी बायका रबरी हातमोजे घालून हजर. बातमीला आमच्याकडे भोंगा लागत नाही. कोणी माफी मागितली नाही, कोणी मागायला लावली नाही. कोबी जरा जास्तच खारावली होती. एकीने तसं तोंडावर सांगितलंही.

हे कुंपणाबाहेर उभे होते. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी टाकीत मी एकटाच उतरलो तर?"

ही भीती खोटी नव्हती. झरा डोंगराचा असला तरी गाळ काही आपला आपण निघत नाही.

"माहीत नाही हो," मी म्हणाले. "मी येईन. बाकीच्यांचं खरंच माहीत नाही."

तेवढ्यात आतून हाक आली. दुसरं पाणी झालं होतं, तिसऱ्याला हात कमी पडत होते.